आधी खामगावला उतर

॥ श्री ॥

मोताळा,
रविवार, ता. १० नोव्हेंबर १९६८

चि. हिंमत यास,

जनकाताईचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. आशास आणि लेकरांनाही. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले.

तुझे भाऊबीजेचे पार्सल काल एस.टी.ने पोचले. आत निघाले ते असे : जांभळे, जरीकाठी पातळ एक; शकूला पोलक्याचे कापड; संत्र्याच्या बर्फीची पेटी एक, पैकी खालचा थर दबला आहे; तुझ्या भाऊजींना मफलर. भाडे घेणाऱ्याने द्यावे असे तू तिकडे लिहून दिले होतेस, ते रुपये सव्वातीन पडले. स्टँडवरून घरापर्यंत हमाली चार आणे. तुला उणे दाखवायला हे लिहीत नाही. आलेल्या वस्तूची पोच आणि तिच्यापायी पडलेला खर्च दोन्ही लिहावे, ही माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे.

पातळ देखणे आहे. घडी मोडलेली नाही. बर्फी देवापुढे ठेवून शेजारी वाटली.

जिनात कापसाच्या गाड्या लागल्या आहेत. तोलाईचा काटा यांच्याच हाती, त्यामुळे हे उजाडता जातात ते दिवेलागणीला येतात, कानात-भुवयांत कापूस. तुळशीचे लग्न लावले. शेजारच्या अन्नपूर्णाबाईंची म्हैस व्याली, त्यांनी खरवसाचा चीक दिला. शकूचा अभ्यास चालू आहे, मार्चात मॅट्रिकला बसेल.

आणि शकूचे जमले. वरवट बकालचे स्थळ. मुलगा सोसायटीत नोकरीला, घरची बागायत, माणसे बोलायला मोकळी. सुपारी फुटली. एवढेच लिहून, देवाची कृपा म्हणून पत्र मिटावे असे सकाळपासून मनात घोळते आहे. पण सुपारी कोणाच्या हातून फुटली ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे. त्याकरता आधी त्या माणसाविषयी लिहावे लागेल.

श्रावणात मी तुला लिहिले होते की खामगावच्या हप्त्याच्या दुकानातून एक माणूस आला होता. तू उत्तर दिलेस, "कारकुनाची चूक आहे ताई, मी पैसे धाडले आहेत, त्याला दारात उभा करू नकोस." मी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि त्याला तसेच सांगितले. त्याने पिशवीतून तुझे हप्त्यांचे कार्ड काढून माझ्या हातात दिले. आधी रेडिओ, मग मनगटी घड्याळ, मग आशाचे शिलाई यंत्र. एक फिटायच्या आत दुसरे त्याच कार्डावर चढवलेले. माघ महिन्यापासून पुढची घरे कोरी. खाली जामीनदार म्हणून यांची सही. तू खामगावात नोकरीला असताना "नुसती रीत आहे भाऊजी, कोणी विचारत नाही" म्हणून घेतलेली.

त्याचे नाव कडूबा. दुसरबीडकडचा. सडपातळ, पन्नाशीचा, काळी छत्री, खाकी पिशवी. आवाज चढवत नाही. पहिल्या दिवशी मला विचारले, "हिंमतराव तुमचे कोन, बाई?"

म्हटले, "भाऊ."

"मंग झालं. भावाचं देनं म्हंजे घरचंच."

त्या दिवशी पाणी पिऊन गेला. पुढे नवरात्रापासून सकाळच्या गाडीने येऊन ओट्यावर बसू लागला. शिवी नाही, धमकी नाही. नुसता बसतो. तहान लागली की उठून अन्नपूर्णाबाईंच्या दारात जातो आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणतो, "माय, घोटभर पानी देता काय? या घरचं मागवत नाई. बिचाऱ्यायचं देनं थकलं, वरून त्यायचं पानीबी आपनच प्यावं, बरं दिसत नाई."

हिंमत, आपल्या आईने दारातून कोणाला कोरड्या घशाने जाऊ दिले नाही. आणि माझ्या ओट्यावरचा माणूस शेजारी पाणी मागतो! संध्याकाळी अन्नपूर्णाबाई पदराखाली वाटीभर साखर घेऊन आल्या. मी मागितली नव्हती. "काही लागलं-सवरलं तर सांगत जा हो जनकाबाई," म्हणाल्या. त्या बाईच्या मनात काही वावगे नव्हते. पण ती साखर मी अजून डब्यात ओतलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो यायच्या आत मी ओट्यावर भरलेला तांब्या आणि गुळाचा खडा ठेवू लागले. त्याने पाहिले. "पान्यानं हप्ता फिटत नाई, बाई," म्हणाला. पण प्यायला. मग त्याला शेजारी जायचे कारण उरले नाही. तेवढी एक चाल माझी.

यांना मी निम्मेच सांगत होते. जिनाच्या मालकाच्या कानावर गेले असते तर काय झाले असते ते तूच पाहा. ज्याच्या दारात वसुलीवाला बसतो, त्याच्या हाती कापसाचा काटा कोण ठेवील?

भाऊबीजेलाही तो आला. तुझी वाट पाहून सांजेला मी ताट घेऊन अंगणात गेले आणि चंद्राला ओवाळले. भाऊ नसला की ओवाळतात तसे. तो ओट्यावरच होता. टोपी सारखी करून उभा राहिला. मी वळले तेव्हा म्हणाला, "भाऊ नाई आला?"

"पार्सल येणार आहे," मी म्हटले.

"पार्सलाले ओवाळता येत नाई," तो म्हणाला, आणि छत्री उचलून निघून गेला. त्या दिवशी कार्ड काढले नाही.

आता सुपारीचे, गेल्या सोमवारचे सांगते. वरवट बकालच्या पाहुण्यांचा निरोप आला की सोमवारी मुलगी पाहायला येतो. शनिवारी कडूबा आला तेव्हा मी त्याला हात जोडले. म्हटले, "सोमवारी तेवढे येऊ नका. शकूला पाहायला येणार आहेत."

"असं?" म्हणाला. बस, एवढेच. तो गेल्यावर माझ्या लक्षात आले की ज्याच्यापासून लपवायचे त्यालाच मी दिवस सांगून बसले.

सोमवारी तो आला. नेहमीपेक्षा लवकर, दाढी केलेली, धोतर धुतलेले. मी आतून पाहिले आणि भिजवायला घेतलेले पोहे परातीतच राहिले. हे पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले होते. पाहुणे मात्र नाक्यावरच उतरून गल्लीने थेट दारात आले. मुलाचे वडील रामराव, मुलगा, आणि रामरावांची थोरली बहीण तानुबाई. त्या घरात तिचाच शब्द चालतो. ओट्यावर त्यांना पहिला भेटला तो कडूबा.

आपल्याकडे मुलगी पाहायच्या दिवशी मामा आधी येऊन ओट्यावर बसतो, पाहुण्यांचे पाय धुवायला पाणी देतो. तानुबाईने दुसरे काय समजावे? तिने सरळ विचारले, "तुमी पोरीचे मामा दिसता?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी. कडूबाने मान वळवून माझ्याकडे पाहिले. "नव्हेत" एवढा एक शब्द मला पुरला असता. मी खाली पाहिले.

"हाव," तो म्हणाला. "मामाच. या, पाय धुवा." आणि माझ्या हातून तांब्या घेतला.

हे स्टँडवरून धापा टाकीत परत आले तेव्हा बैठकीत रामरावांच्या शेजारी कडूबा पोहे खात होता. यांना मी आत ओढले. म्हटले, "देवाची आण आहे, काही बोलू नका."  हे बाहेर जाऊन बसले, पण तोंडाला कुलूप. त्यामुळे विचारायचे ते सारे कडूबानेच विचारले. आणि काय विचारले! पगार हातात किती पडतो, सोसायटीचे कोणते कर्ज घरावर आहे का, बागेतल्या विहिरीत वाटा कोणाचा, थोरल्या भावाशी हिस्से झाले का. आपल्यातला कोणी जन्मात विचारणार नाही अशा गोष्टी.

रामराव हसून म्हणाले, "मामा, तुमी तं पोलिसावानी विचारून राह्यले!"

"पोरगी द्याच्या आधीच विचारा लागते, रामरावजी. देल्यावर कोन सांगते?"

शकूला आणून बसवली. तानुबाईने तिला नाव विचारले, शिवण-टिपण विचारले. मग कडूबा म्हणाला, "आमची पोरगी मार्चात मॅट्रिकले बसते. देऊ द्यान ना परीक्षा?"

तानुबाई म्हणाली, "आता लगन झाल्यावर कायले लागते परीक्षा?"

"फी भरली आहे तिची. भरलेला पैसा बुडू द्याचा नाई, बाई. आमच्या घरची रीत आहे."

आमच्या घरची! रामराव म्हणाले, "बसन, बसन. परीक्षेले इकडेच राहू द्या तिले." शकूने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. ती खोलीत मोठ्याने धडे वाचते ते इतके दिवस ओट्यावर ऐकू जात होते, हे तेव्हा मला कळले.

सगळे पटले. रामराव म्हणाले, लांबण कशाला, आजच सुपारी फोडू, मामांच्या हातून. देवापाशी समई मीच लावली होती. महाराजांच्या तसबिरीपुढे पाट मांडला. कडूबाने टोपी सारखी केली, हात धुतले, आणि अडकित्त्याने सुपारी फोडली. मी अक्षता वाहिल्या. निम्म्या पाटाखाली सांडल्या. तानुबाईला वाटले आनंदाने.

पाहुणे गेल्यावर तो पुन्हा ओट्यावर आपल्या जागेवर जाऊन बसला आणि पिशवीतून कार्ड काढले.

मी म्हटले, "देवासमोर खोटे बोललात तुम्ही."

"मी बोललो, तुमी उग्या राह्यल्या. अर्धं अर्धं. सुपारी तं खरी होती ना?" मग म्हणाला, "उपकार समजू नका. लगन मोडलं असतं तं घरात रडारड. रडत्या घरातून वसुली होत नाई."

निघताना वळून म्हणाला, "आता पत्रिकेत मामाचं नाव कोनतं छापता?"

इथवर लिहिले आणि ओट्यावर छत्री टेकल्याचा आवाज आला. लेखणी ठेवली.

सोमवार

काल कडूबाच होता. रविवारी कधी येत नाही, काल आला. तांब्या भरलेला नव्हता. मी आत वळले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बसा. सांगाचं आहे."

रविवारी चोवीस तारखेला बस्ता ठरला आहे. दोन्हीकडची माणसे मिळून खामगावला कापड घ्यायला जायची. ते हप्त्याचे दुकान त्याच बाजारात, कापडाच्या ओळीच्या तोंडाशी. बस्त्याची बातमी दुकानाच्या मालकापर्यंत पोचली. त्याने कडूबाला सांगितले आहे की त्या दिवशी पायरीवर उभा राहा आणि जामीनदाराला नाव घेऊन हाक मार. व्याह्यांसमोर पैसे निघतात.

मी विचारले, "आणि तुम्ही माराल?"

"मारीन. नोकरी आहे."

"रामराव तुम्हाला मामा म्हणतात. तानुबाईंनी परवाच निरोप धाडला, मामांना बस्त्याला नक्की आणा, भाव करायला माणूस पक्का आहे."

तो छत्रीच्या टोकाने ओट्याची माती उकरीत राहिला. मग म्हणाला, "मामा मी एका दिवसाचा, बाई. वसुलीचा जलमाचा."

मग त्यानेच वाट सांगितली. जामीनदाराने पैसे भरले तर मालक हप्ते थकल्याचा दंड सोडत नाही. पण ज्याचे कार्ड तो स्वतः आला, थकलेले एकशे चाळीस भरले आणि पुढच्या हप्त्यांची नवी सही केली तर दंड माफ होईल. तेवढे त्याने मालकाकडून कबूल करून घेतले आहे. मग त्या दिवशी तो पायरीवर नसेल. कुठेतरी वसुलीला बाहेरगावी जाईल. लग्नाला "मानलेले मामा" म्हणून नुसता अक्षता टाकायला आला तरी कोणी काही विचारणार नाही. खरा मामा समोर असला म्हणजे झाले.

पार्सल खाटेवर पडले होते. जांभळा काठ दिसत होता. तिकडे बोट करून म्हणाला, "भावाकडून?"

"हो."

"नगद का कारडावर?"

मला सांगता आले नाही. तू सांग.

जाताना म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहिते : "त्याले म्हना, मामा व्हाचं असन तं आधी खामगावले उतर."

रात्री यांना मी सगळे सांगितले. हे रागावले नाहीत. उलट म्हणाले, "शकूसाठी बाजूला काढलेले आहेत ना? त्यातून भरून टाक. बस्ता साधा करू. तुझ्या भावाला कशाला लाजवतेस?" हिंमत, ते पैसे आहेत. कसे साठवले ते मला आणि देवाला ठाऊक. उद्या सकाळच्या गाडीने हे खामगावला जाऊन आले तर प्रश्न मिटतो.

मी नाही म्हटले.

का म्हटले ते कालपासून मला मलाच सांगता येत नव्हते. पैशाला जपते म्हणून नाही. मी भरले तर तू कधी येणार नाहीस. दिवाळीला पार्सल येईल, भाडे मी भरीन, आणि आपण दोघे एकमेकांना सर्व क्षेम लिहीत राहू. आई गेल्यापासून तू या ओट्यावर बसलेला नाहीस. शकूचा आवाज कसा झाला आहे ते तुला माहीत नाही. त्या परक्या माणसाला माहीत आहे.

आणि आणखी एक. हे लिहावे की न लिहावे कळत नाही, पण लिहिते. त्या सोमवारी तो माझ्या हातून तांब्या घेऊन पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालू लागला, तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. घटकाभर मला वाटले की माझ्या माहेरचे कोणी आले आहे. हप्ते वसूल करणाऱ्या माणसाला पाहून मला असे वाटावे, याची लाज मला वाटते. थोडी तूही वाटून घे.

बेत असा आहे. मलकापूरचा छापखानावाला पत्रिकेचा मजकूर शनिवारपर्यंत मागतो आहे. मामाच्या नावाची जागा मी मोकळी ठेवली आहे. तू येणार असशील तर अकोल्याहून इकडे येणारी गाडी खामगाववरूनच येते. तिथे उतर, त्या दुकानात जा, कडूबाला तुझा चेहरा दाखव. एका वेळी सगळे भरणे नाही झाले तर तसे मालकाला तोंडाने सांग, पण जा. बाकीची तोंडमिळवणी मी करीन, तेवढे मला जमेल. मग पुढची गाडी धर आणि घरी ये. तुझ्या आवडीचे भरीत करीन, कळण्याची भाकरी करीन. इथे आल्यावर मी तुला एक शब्द विचारणार नाही.

येणार नसशील तर तेही लिही. "बघतो" असे लिहू नकोस. त्या मोकळ्या जागेत नाव तर छापावेच लागेल. मग चोवीस तारखेच्या आधी मीच खामगावला जाईन आणि त्या पायरीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारीन की मंगलाष्टकांच्या वेळी माझ्या मुलीच्या पाठीशी उभा राहशील का. तो काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. विचारायला मी कचरणार नाही, एवढे ठाऊक आहे.

सोबत जोडकार्ड घातले आहे. उत्तराच्या अर्ध्यावर आमचा पत्ता लिहिलेला आहे, तुला तिकिटाचाही खर्च नको. हो किंवा नाही, एक शब्द लिहून उलट टपाली टाक. शनिवारच्या आत मिळाले पाहिजे.

पातळ घडीतच आहे. तू खामगावला उतरून आलास, की त्याच दिवशी नेसून तुला ओवाळीन. भाऊबीज टळून गेली आहे, पण देव काही म्हणणार नाही.

ओट्यावर तांब्या भरून ठेवते आहे. आता जो येईल त्याच्यासाठी.

तुझीच,
जनकाताई